न विचारता कापलेला हप्ता

(संस्थेच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय दिसावयास लहान आहे. पासबुकात कधी 436 रुपये, कधी 20 रुपये कमी झालेले दिसतात. कर्ज मंजूर होते दोन लाखांचे आणि हाती त्याहून सात-आठ हजार कमी येतात. नोंदीपुढे इंग्रजी आद्याक्षरे छापलेली असतात. ती कशाची, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही. आम्ही बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूस बसतो, म्हणून हा विषय आमच्याकडे सोपविला गेला असावा. त्या आद्याक्षरांमागे पुष्कळदा विमा असतो. तो आपण मागितला होता काय, आणि नसल्यास पैसे परत कसे मागावेत, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. विमा वाईट नाही. 1947 साली परमपूज्य बाबासाहेबांनी संविधान सभेसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात विम्याचा धंदा सरकारच्या मालकीचा असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या मिळकतीच्या मानाने आयुर्विमा घेणे सक्तीचे असावे, अशी मांडणी केली होती. ज्याच्याकडे जमीन नाही, वाडवडिलांची शिल्लक नाही, त्याच्या घराला कर्ता पुरुष गेल्यावर आधार कोणता, हा विचार त्यामागे दिसतो. परंतु ती सक्ती कायदेमंडळाने ठरवून, उघडपणे करावयाची होती. कर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यात एक पान सरकवून सही घेणे ही गोष्ट वेगळी. आपल्या पंचशीलातील दुसरे शील न दिलेले न घेण्याचे आहे. खातेदाराने दिला नाही तो हप्ता घेणे या शीलात बसत नाही, मग रक्कम वीस रुपयांची का असेना.

आता प्रकार पाहू. पहिला दोन सरकारी योजनांचा. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना आणि प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना 9 मे 2015 रोजी सुरू झाल्या. पहिलीत वयाच्या 18 ते 50 वर्षांपर्यंत नाव घालता येते आणि मृत्यू झाल्यास वारसाला 2 लाख रुपये मिळतात. दुसरी केवळ अपघातासाठी आहे, वय 18 ते 70. वार्षिक हप्ते प्रथम 330 आणि 12 रुपये होते, ते 1 जून 2022 पासून 436 आणि 20 रुपये झाले. हप्ता दरवर्षी खात्यातून आपोआप कापला जातो, परंतु योजनेत नाव घालताना खातेदाराची संमती लागते. योजना स्वस्त आहेत, चांगल्या आहेत. मात्र एकाच माणसाच्या दोन खात्यांतून जीवनज्योतीचे दोन हप्ते गेले, तरी भरपाई 2 लाखांचीच मिळते. दुसरा हप्ता वाया जातो.

दुसरा प्रकार कर्जासोबतच्या विम्याचा. कर्जदार वारला तर उरलेले कर्ज विमा कंपनी फेडील, असा हा करार असतो. त्याचा हप्ता बहुधा एकदम घेतात आणि कर्जातच मिळवतात. समजा हप्ता 8,000 रुपये, व्याज 12 टक्के, मुदत 5 वर्षे. मग त्या 8,000 साठी महिना सुमारे 178 रुपये, म्हणजे अखेरीस सुमारे 10,677 रुपये भरावे लागतात. "हा विमा घेतल्याशिवाय कर्ज मिळत नाही," असे सांगितले जाते. रिझर्व बँकेने 2015 सालीच बँकांना बजावले आहे की विमा घेणे ग्राहकाच्या खुशीवर असावे, बँकेच्या सेवेशी त्याची सांगड घालू नये. दोष केवळ समोर बसलेल्या कर्मचाऱ्याचा नसतो. शाखेला विम्याचे टार्गेट असते आणि बँकेला कमिशन. पण तो भार कर्जदाराने का वाहावा?

तिसरा प्रकार पीक विम्याचा. 2016 पासून पीककर्ज घेणाऱ्यास प्रधानमंत्री पीक विमा सक्तीचा होता. खरीप 2020 पासून तो ऐच्छिक झाला. परंतु कर्जदार शेतकऱ्याला तो नको असेल, तर त्याने शेवटच्या तारखेच्या किमान 7 दिवस आधी बँकेला तसे लिहून द्यावे लागते. लिहून न दिल्यास हप्ता कापला जातो. कापूस पेरणाऱ्या आपल्या लहान शेतकऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

न सांगता गळ्यात घातलेल्या विम्याने नुकसान दुहेरी होते. जिवंत माणसाचे पैसे जातात, हे एक. दुसरे त्याहून मोठे आहे. घरच्यांना विमा आहे हेच ठाऊक नसते. भुसावळच्या रेल्वे यार्डात, वरणगावच्या कारखान्यात, रावेर-यावलच्या केळीच्या बागांत राबणारा माणूस अचानक जातो. त्याची पत्नी खाते बंद करावयास येते आणि हजार-पाचशेची शिल्लक घेऊन परत जाते. दावा कोणी करीत नाही. ज्या पासबुकात 436 रुपये कापल्याची ताजी नोंद आहे, त्याच पासबुकात तिच्या हक्काच्या 2 लाखांची खूण असते. ती वाचून सांगणारा कोणी तिच्याजवळ नसतो.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. इंग्लंडमध्ये कर्जे, क्रेडिट कार्डे आणि मोठ्या दुकानांची उधारीची कार्डे यांच्यासोबत हप्ते-संरक्षणाचा विमा वर्षानुवर्षे विकला गेला. नोकरी गेली, आजार आला, तर हप्ते कंपनी भरील असे सांगत. ज्यांना त्याचा लाभ मिळूच शकत नव्हता, अशांनाही तो विकला. 2011 साली बँका न्यायालयात हरल्या. 2014 साली तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे एका विधवा शिक्षिकेचे प्रकरण आले. तिने भरलेल्या विमा हप्त्यातील 71.8 टक्के रक्कम कमिशनात गेली होती आणि तिला ते कोणी सांगितले नव्हते. निकाल तिच्या बाजूने लागला. मागणीची शेवटची तारीख 29 ऑगस्ट 2019 ठरली. एकूण सुमारे 3,800 कोटी पौंड ग्राहकांना परत द्यावे लागले. दुकानाच्या जुन्या कार्डाचे कागद ज्यांनी जपून ठेवले होते, त्यांना मागणी करणे सोपे गेले.

आपण काय करावे? प्रथम पासबुक भरून घ्यावे आणि समजत नाही त्या नोंदीवर खूण करावी. मग शाखेला साध्या मराठीत अर्ज द्यावा: "अमुक तारखेस अमुक रक्कम विम्यापोटी कापली आहे. माझ्या संमतीच्या कागदाची प्रत द्यावी. संमती नसल्यास रक्कम परत करावी." अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी तक्रारीला पुरावा नसतो. नवी पॉलिसी हाती आली असेल, तर 30 दिवसांत ती परत करता येते आणि किरकोळ वजावट होऊन पैसे मिळतात. ही मुदत पूर्वी 15 दिवसांची होती, 2024 पासून वाढली. कर्ज मुदतीआधी फेडले, तर उरलेल्या काळाच्या हप्त्याचा परतावा मागावा. 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या कर्जांसाठी सर्व खर्च, विम्यासह, एका पत्रकात कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत लिहून देणे बंधनकारक झाले आहे. ते पत्रक मराठीत मागावे.

विमा कंपनीने महिन्याभरात उत्तर दिले नाही किंवा नकार दिला, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांसाठी हे कार्यालय पुण्यास आहे. फी नाही, वकील लागत नाही. बँकेविरुद्ध रिझर्व बँकेचा लोकपाल आहे. शिवाय जिल्हा ग्राहक आयोग जळगावलाही आहे आणि धुळ्यालाही. तेथे तक्रारीची मुदत दोन वर्षांची असून 5 लाखांपर्यंतच्या व्यवहारास फी नाही.

एक इशारा द्यावासा वाटतो. हे ऐकून उद्या सगळेच विमे बंद करू नका. आधी विमा समजून घ्या. उपयोगाचा असेल तर राहू द्या, वारसाचे नाव तपासा आणि घरच्यांना सांगून ठेवा.

31 जुलै 1937 रोजी बाबासाहेब धुळ्यास आले, ते एका खटल्याच्या कामासाठी, वकील म्हणून. त्या आठवणीसाठी आपण दरवर्षी लळिंगला लांडोर बंगल्यावर जमतो. कागद वाचून, कायदा दाखवून हक्क मागणे हा त्या भेटीचा वारसा आहे. विद्यार्थी मित्रांनो, तो चालविणे तुमच्या हाती आहे. रविवारी वंदनेनंतर विहारात तासभर बसा. वस्तीतील आजी-आजोबांची, बचत गटातील मावशींची पासबुके त्यांच्यासमोरच वाचून दाखवा, अर्ज लिहून द्या. मात्र कोणाचे पासबुक स्वतःजवळ ठेवून घेऊ नका.

आपल्या आजोबांनी कागदावर अंगठा दिला. वडिलांनी सही करावयास शिकून घेतले. सही करण्यापूर्वी कागद वाचणे हे आपल्या पिढीचे काम आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.