आपल्या डाळिंबाची फुलं का गळतात?

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या आवारात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

टाकीजवळचं डाळिंब तोडावं, असा अर्ज कमिटीकडे आलाय. कारण दिलंय : फुलांचा कचरा पडतो, फळ धरत नाही, झाड वांझ आहे. मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचो, म्हणून सेक्रेटरीसाहेबांनी मला उभं केलं. आधी तो ‘वांझ’ शब्द अर्जातून काढा. झाडालाही नको आणि माणसाला तर नकोच नको.

झाडाखालची फुलं वेचून आणलीत. पुढे पाठवा, हातात घेऊन बघा. देठाकडे निमुळतं, घंटेसारखं दिसतंय ना? हे नर फूल. पुंकेसर भरपूर, पण स्त्रीकेसर आखूड, अर्धवट वाढलेला. याचं फळ होत नाही. आता हे दुसरं, झाडावरून काढलेलं. देठाजवळ घागरीसारखं फुगलंय. फळ याचंच होतं. बागायतदार याला मादी कळी म्हणतात, पण खरं तर यात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. एकाच झाडावर ही दोन्ही तऱ्हेची फुलं येतात आणि नर फुलं गळतातच. सांगोल्याकडच्या बागांतही झाडाखाली असाच लाल सडा पडतो. तिथं कोणी कुऱ्हाड काढत नाही!

आणि नर फूल फुकट जात नाही. त्याचा पराग मधमाश्या दुसऱ्या फुलांवर नेतात. परागकण स्त्रीकेसराच्या टोकावर पडला की त्यातून बारीक नळी फुटते आणि खाली बीजांडापर्यंत पोचते. फलन झालेल्या एकेका बीजांडाचा एकेक दाणा होतो. म्हणजे डाळिंब सोलताना वाटीत जेवढे दाणे पडतात, तेवढ्या परागकणांचा प्रवास सुफळ झालेला असतो. आपण खातो तो रसाळ भाग म्हणजे बियांचं बाहेरचं आवरण. फळाच्या डोक्यावरचा मुकुट म्हणजे फुलाचाच उरलेला पेला.

मग आपल्या झाडाला मादी कळ्या इतक्या कमी का? फूल आणि फळ पोसायला अन्न लागतं, आणि स्वयंपाकघर पानात. मुळांकडून पाणी, हवेतून कार्बन डायऑक्साइड, वरून ऊन. यातून हिरवं पान साखर बनवतं आणि ऑक्सिजन बाहेर सोडतं. जास्तीचं अन्न फांद्यांत साठतं. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास आंबे बहार धरणारे शेतकरी आधी पाणी तोडून झाडाला ताण देतात, पानगळ होते, मग पाणी दिलं की झाड फुलतं. ती पहिली फुलं या साठ्यावरच येतात. शिल्लकच नसेल तर झाड काय करणार?

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर जातो. भर दुपारी पाणी वाचवायला झाड पानांवरची सूक्ष्म छिद्रं मिटून घेतं. छिद्रं मिटली की कार्बन डायऑक्साइड आत जाणंही कमी होतं. म्हणजे दुपारी ऊन रग्गड, पण चूल मंद. झाडाची खरी कमाई सकाळच्या उन्हात. आणि आपण स्कूटर शेड घातली नेमकी पूर्वेला! शिवाय पेव्हर ब्लॉक थेट बुंध्यापर्यंत बसवले, पाणी मुरणार कुठं?

आपल्या केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गावात आपण डाळिंब तोडायचं, तेही उपाशी ठेवून?

माझी सूचना अशी. बुंध्याभोवतीचे दोन-दोन फूट ब्लॉक काढून आळं करू. फुलं असताना कीटकनाशकाची फवारणी नको, मधमाश्या मरतात. शेडचे झाडालगतचे दोन पत्रे उतरवू. त्यानंतरच्या बहाराला घागरीच्या आकाराची फुलं किती येतात, ते मुलांनी मोजून नोटीस बोर्डावर लिहावं. मग अर्जाचं बघू. पत्रे काढल्यावर एक स्कूटर उन्हात येईल. ती माझी असू द्या.