आढीतला निरोप

मागच्या वैशाखात आमच्या गटाने पहिल्यांदाच आंब्याची आढी घातली. खाली भाताचा पेंढा, त्यावर आंब्यांचे थर, वरून गोणपाट. पाच दिवस झाले तरी वास सुटेना. आठवडी बाजार दोन दिवसांवर आलेला. एक जण म्हणाली, "पुडी टाकूया का गं?" पुडी म्हणजे कार्बाइडची. दोघींनी हो म्हटलंही, आम्ही लपवत नाही.

मग कृषी सहायकांना फोन केला. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून आम्हाला आजीच आठवली. ती कच्च्या आंब्यांत एक पाडाचा आंबा ठेवायची. पिकू लागलेलं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं. तो शेजारच्या फळाला लागला की तेही पिकायला लागतं. म्हणजे तो निरोपच म्हणा ना.

हा वायू डोळ्यांना दिसत नाही. 1901 साली रशियात सेंट पीटर्सबर्गच्या नेल्युबोव्ह नावाच्या विद्यार्थ्याला दिसलं, की अंधारात वाढवलेले वाटाण्याचे कोंब आखूड, जाड होऊन आडवे वाढतात. कारण निघालं दिव्याच्या गॅसमधलं इथिलीन. पुढे बरीच वर्षं असे कोंबच मोजमापाला वापरत. आता फळ बंद बरणीत ठेवतात, आतली हवा सुईने ओढून यंत्रात सोडतात. यंत्रातल्या बारीक नळीतून एकेक वायू वेगळा होऊन बाहेर येतो आणि त्याचा आकडा मिळतो, पीपीएममध्ये. एक पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग. हजार लिटरच्या टाकीत जेमतेम वीस थेंब! फळं पिकवायला बाहेरून इथिलीन वायू सोडायचा, तर कायद्याने 100 पीपीएमपर्यंतच परवानगी आहे.

कार्बाइडवर मात्र बंदी आहे. ओल लागली की त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो. तो इथिलीनची नक्कल करतो, पण सोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. साल पिवळी होते, आत आंबा आंबटच. आणि पुडी हाताळणार कोण? आपणच.

आम्ही पुडी टाकली नाही. आढीत चार पिकलेले आंबे ठेवले. तो बाजार हुकला, पुढच्या बाजारात भाव उतरला होता. वर दोन डझन नासले, कारण डागी फळं आधी निवडायची राहिली होती. अशा फळातून इथिलीन जास्तच सुटतं. यंदा फळं निवडायचं काम दोघींकडे दिलंय, आणि आढी बाजाराच्या दहा दिवस आधी घालणार आहोत.