पहिली वायुभरित रायफल : बेताच्या पैशांत

१ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसच्या ऑलिंपिकांत कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं ५० मीटर रायफलीच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें, तेव्हांपासून महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत एक नवाच हट्ट ऐकूं येऊं लागला आहे. पूर्वीं मूल बॅट मागे. आतां तें रायफल मागतें. बॅटीची किंमत बापाला ठाऊक असते, तिच्यांतलें बरें-वाईट त्याला कळतें. रायफलीच्या बाबतींत मात्र तो दुकानदाराच्या तोंडाकडे पाहात राहतो. सोलापूरसारख्या गांवीं, जेथें मध्यम स्थितींतल्या कुटुंबाला शाळेची फी आणि घराचा हप्ता यांची तोंडमिळवणी करूनच बाकीचे विचार करावे लागतात, तेथें ही खरेदी चुकली तर ती वर्षभर सलते.

कुसाळे यांच्या हातांतील बंदूक काडतुसाची. तिला परवाना लागतो आणि नवशिक्याचा तिच्याशीं संबंध नाहीं. आरंभ व्हावयाचा तो १० मीटरवरील एअर रायफलीनें. याच प्रकारांत अभिनव बिंद्रा यांनीं २००८ सालीं बीजिंगला सुवर्णपदक मिळविलें. याच प्रकारांत आपल्या अंजली भागवत २००० सालीं सिडनीस व सुमा शिरूर २००४ सालीं अथेन्सला अंतिम फेरीपर्यंत गेल्या. आणि ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील २०२२ सालीं कैरो येथें जगज्जेते झाले. मुलीसाठीं वेगळी, हलक्या प्रतीची रायफल पाहणाऱ्या पालकांनीं यांतलीं दोन नांवें पुन्हां एकदां वाचावीं.

हवेच्या बंदुका मुख्यत्वें तीन तऱ्हेच्या. पहिली स्प्रिंगची. गड्ड्याच्या जत्रेंत फुगे फोडावयास देतात ती याच जातीची. नळी मोडून स्प्रिंग दाबावयाची, घोडा ओढतांच दट्ट्या वेगानें पुढें धांवतो आणि त्याच्यापुढें कोंडलेली हवा छऱ्याला ढकलते. बंदूक स्वस्त, टिकाऊ, दुसऱ्या कोणत्याही सामानावांचून चालणारी. परंतु छरा नळींतून बाहेर पडण्यापूर्वींच तो जड दट्ट्या सबंध बंदुकीला हिसका देतो, आणि नवशिक्याचा नेम चुकला कीं हिसका बसला हें कोणालाच सांगतां येत नाहीं. दुसरी कार्बन डायऑक्साइडची. हिच्यांत वायु द्रवरूपानें सांठविलेला असतो व त्याचा दाब उष्णतेबरोबर चढतो-उतरतो. ज्या गांवीं एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, त्या गांवीं सकाळीं लावलेला नेम दुपारीं खरा ठरेलच असें नाहीं. नव्वदच्या दशकांत स्पर्धांतून ही तऱ्हा मागें पडली, ती उगीच नव्हे.

तिसरी तऱ्हा वायुभरित रायफलीची. इंग्रजी आद्याक्षरांवरून दुकानदार तिला ‘पी.सी.पी.’ म्हणतात. नळीखालच्या सिलिंडरमध्यें हवा आधींच दाबून भरलेली असते. घोडा ओढला कीं एक लहानशी हातोडी झडपेवर आपटते, झडप क्षणमात्र उघडते आणि मोजकी हवा छऱ्यामागें जाते. हिसका जवळजवळ नाहीं. चूक झाली तर ती नेमबाजाचीच, आणि शिकणाऱ्याला हवें असतें तें हेंच. कल्पना मात्र नवी नव्हे. जिरार्दोनी नांवाच्या कारागिराची अशी रायफल ऑस्ट्रियाच्या सैन्यांत अठराव्या शतकाच्या अखेरीस होती. १८०४ सालीं अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेल्या लुईस व क्लार्क यांनीं तसली एक बरोबर नेली होती. तिचा सांठा भरावयास सुमारें दीड हजार वेळां पंप मारावा लागे असें सांगतात.

पंपाचा प्रश्न आजही तसाच आहे, आणि खर्चाचें खरें दुखणें तेथेंच. मोटारीच्या चाकांत हवेचा दाब दोन-अडीच बार असतो. या सिलिंडरमध्यें तो २०० बार लागतो, म्हणजे जवळजवळ शंभरपट. पंक्चरच्या दुकानांतील यंत्र आठ-दहा बारच्या वर जात नाहीं, तेव्हां तेथें रायफल घेऊन जाणें व्यर्थ. उपाय तीन : खास हातपंप, विजेवर चालणारा उच्चदाबाचा कॉम्प्रेसर, किंवा पाणबुडे वापरतात तसला हवेचा मोठा सिलिंडर, ज्यांतून रायफलीचा लहान सिलिंडर भरून घेतां येतो. हातपंप सर्वांत स्वस्त. पण त्याच्यावर वजन घालून उभें राहावें लागतें, दहा-बारा वर्षांच्या मुलाचें तें काम नव्हे. शिवाय सलग मारल्यास तो तापतो आणि हवेंतला दमटपणा आंत ढकलतो. म्हणून मधून मधून विश्रांति द्यावी व पावसाळ्यांत अधिक जपावें. चार कुटुंबांनीं मिळून एक मोठा सिलिंडर ठेवणें, किंवा रेंजवरील यंत्राचा लाभ घेणें, हें हिशेबाला सर्वांत बरें पडतें.

येथें एक गोष्ट अगदीं ठासून सांगितली पाहिजे. कारखान्यांच्या आणि वेल्डिंगच्या दुकानांच्या गांवीं ऑक्सिजनचे सिलिंडर जागोजाग दिसतात, आणि ‘हवाच ती, भरून देतों’ म्हणणारा भला माणूसही भेटतो. त्याला हात जोडावे. उच्च दाबाचा ऑक्सिजन आणि तेलाचा एक थेंब यांची गांठ पडली तर स्फोट होतो. आणि रायफलीच्या झडपेंत वंगणाचा अंश असतोच. भरावयाची ती साधी, स्वच्छ, कोरडी हवा. झडपेला घरांतलें यंत्राचें तेलही लावूं नये. सांगितलेलें सिलिकोनचें ग्रीस तेवढें चालतें. भरलेली रायफल उन्हांत बंद मोटारीमध्यें ठेवूं नये. तीस अंशांची हवा साठ अंशांवर गेली कीं दाब सुमारें दहा टक्क्यांनीं वाढतो. आधींच कांठोकांठ भरलेल्या सिलिंडरला तेवढा चढ नको आहे.

आतां प्रत्यक्ष रायफलीकडे वळूं. दुकानदार बहुधा वेगाची बढाई मारतो : हिचा छरा सेकंदाला इतके फूट जातो! दहा मीटरवर कागद भेदावयास वेग लागतो तरी किती? अर्ध्या ग्रॅमहून किंचित् जड छरा सेकंदाला १७० ते १७५ मीटर गेला कीं पुरे; जर्मनीच्या उत्तमोत्तम स्पर्धेच्या रायफली याच वेगाच्या असतात. त्याहून अधिक वेग म्हणजे हवेची नासाडी आणि कानाला त्रास. शिवाय कायद्याची मर्यादा आहे. २०१६ च्या शस्त्र-नियमांप्रमाणें ज्या हवाबंदुकीची नळी ४.५ मिलिमीटरहून मोठी असेल किंवा शक्ति २० जूलहून अधिक असेल, तिला परवाना लागतो. वर सांगितलेल्या छऱ्याची शक्ति आठ जूलच्या आसपास भरते, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. मोठ्या नळीची, ‘जोरदार’ म्हणून पुढें केलेली रायफल कितीही स्वस्त वाटली, तरी ती नवशिक्याच्या कामाची नाहीं. ४.५ मिलिमीटरचीच घ्यावी, तिची शक्ति पावतीवर लिहून घ्यावी, आणि ती पावती दागिन्याच्या पावतीसारखी जपावी.

वेगापेक्षां महत्त्वाचें आहे सारखेपण. सिलिंडरमधील दाब प्रत्येक बाराबरोबर उतरत जातो. रेग्युलेटर असला तर झडपेपाशीं तो एकसारखा राहतो आणि पहिला व शंभरावा छरा एकाच जागीं बसतो. स्वस्त रायफलींत रेग्युलेटर नसतो. म्हणून ती टाकाऊ ठरत नाहीं. तिचा ‘मधला पट्टा’ तेवढा शोधावा लागतो. रायफल टेकूवर ठेवून दाबाचा कांटा पाहात वीस-पंचवीस बार काढावे. कोणत्या कांट्यापासून कोणत्या कांट्यापर्यंत छिद्रें एकत्र पडतात तें वहींत टिपावें, आणि तेवढ्या पट्ट्यांतच ती वापरावी. हा खटाटोप मुलाकडूनच करवावा; पदार्थविज्ञानाचा एक धडा फुकट होतो. परंतु स्पर्धेचा मनोदय पक्का असेल तर रेग्युलेटरवर पैसे घालावे आणि लाकडाच्या नक्षीवर मुळींच घालूं नयेत.

दुसरी गोष्ट अंगाला बसण्याची. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें रायफल साडेपांच किलोपर्यंत चालते. पण सहावीसातवींतल्या मुलानें साडेचार किलोचें ओझें उभ्यानें पेलणें म्हणजे पाठीला कायमची खोड लावून घेणें होय. दस्त्याची लांबी आणि गालाची पट्टी कमीजास्त करतां येणारी, वजनाला हलकी अशी निवडावी. मूल वाढतें, रायफल वाढत नाहीं. दुर्बीण बसविलेली रायफल दुकानांत दिमाखदार दिसते, परंतु दहा मीटरच्या स्पर्धेंत दुर्बीण चालतच नाहीं. तेथें मागें बारीक छिद्राची दृष्टि व पुढें कडें लागतें. दुर्बिणीचे पैसे या दृष्टीवर खर्चावे. शालेय स्पर्धांत उघड्या दृष्टीच्या एअर रायफलीचा वेगळा गट असतो. ज्याला आज थोडक्यांत भागवावयाचें आहे त्यानें तेथून आरंभ करण्यांत कमीपणा नाहीं.

आपल्याकडे बंदुकाच होत नाहींत असें मात्र समजूं नये. सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेले वालचंद हिराचंद यांनीं १९२६ सालीं स्थापिलेली इंडियन ह्यूम पाइप कंपनी सिमेंटच्या नळांबद्दल प्रसिद्ध. पण तिनें पुढें हवेच्या बंदुकाही काढल्या, आणि ‘आय.एच.पी.’ छापाच्या त्या बंदुकांवर अनेकांचे हात बसले. आज ठाणे जिल्ह्यांतील प्रिसिहोलसारखे कारखाने एअर रायफली बनवितात. जर्मनीच्या वाल्थर किंवा फाइनवेर्कबाऊची नवी स्पर्धा-रायफल दोन-तीन लाखांच्या घरांत जाते. पहिल्या वर्षीं तिच्या वाटेस जाण्याचें कारण नाहीं.

जुनी जर्मन रायफल घेणें हा मधला मार्ग, आणि पारखी माणूस बरोबर असेल तर उत्तम मार्ग. पण आधीं सिलिंडरवरील तारीख वाचावी. या सिलिंडरांना आयुष्य असतें. स्पर्धेच्या रायफलींचे निर्माते तें बहुधा दहा वर्षांचें ठरवितात, आणि मुदत टळलेल्या सिलिंडरची जबाबदारी स्पर्धेंत नेमबाजावरच असते. तारीख उलटली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत रायफलीच्या किंमतींतून वजा करूनच बोलणें करावें. मग रायफल भरून कांटा टिपून रात्रभर ठेवावी. सकाळीं कांटा उतरलेला दिसला तर झडप गळते. नळीच्या तोंडाची कड बोटाच्या नखानें चांचपावी. तेथें खांच असेल तर छरा सरळ जाणार नाहीं. आणि विकणाऱ्यानें मूळ पावती दाखविली नाहीं, तर किंमत कितीही उतरो, उठून यावें.

हिशेबांत रायफल ही निम्मीच बाजू. एका सरावाला ६० छरे धरले तर ५०० छऱ्यांचा डबा आठ दिवसांत संपतो. चपट्या तोंडाचे स्पर्धेचे छरे घ्यावे. ते कागदांत स्वच्छ गोल छिद्र पाडतात. छरे शिशाचे असतात. सरावानंतर साबणानें हात धुतल्यावांचून मुलानें कांहीं खाऊं नये, आणि छरे तोंडांत धरण्याची खोड पहिल्याच दिवशीं मोडावी. डोळ्यांना चष्मा, जाड कापडाचें जाकीट, रेंजची फी हेंही मांडावें. जवळ असलेली सगळी रक्कम रायफलीवर उधळून नंतर छऱ्यांसाठीं काटकसर करणारीं घरें पुष्कळ दिसतात. त्यांची रायफल कपाटांत शोभेला राहते.

म्हणूनच जाणते शिक्षक सांगतात कीं पहिले सहा महिने रायफल घेऊंच नये. जिल्ह्याच्या नेमबाजी संघटनेकडे किंवा एखाद्या रेंजवर नांव घालावें व तेथील रायफलीवर शिकावें. १९५१ सालीं भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना निघाली, तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापति गणेश वासुदेव मावळणकर. त्यांच्याच नांवाच्या स्पर्धेंतून आजही मुलें राष्ट्रीय पातळीकडे जातात. त्या वाटेवर पाऊल टाकण्याची हौस सहा महिने टिकली, तर पैसे खर्चावे. हौस तीन आठवड्यांत विरली, तर पैसे घरांतच राहिले.

घरच्या गच्चीवर सराव करूं पाहणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं असा छरा दोन-तीनशें मीटरपर्यंत जाऊं शकतो, आणि शेजाऱ्याच्या मुलाचा डोळा त्याहून पुष्कळ जवळ असतो. मागें भक्कम आडोसा नसेल तर बार काढूं नये. कबुतर, चिमणी, पोपट यांवर नेम धरणें तर सर्वथा वर्ज्य. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच; पण सोलापूरकरांना कायद्याची आठवण करून देण्याची गरज पडूं नये. नान्नजचें माळढोक अभयारण्य १९७९ पासून याच जिल्ह्यांत आहे, आणि माळढोक पाहावयास मिळणें किती दुर्मिळ झालें आहे हें येथल्या पोरासोरांनाही माहीत आहे. अरुणाचल प्रदेशांत २०२१ सालीं हवाबंदुका सरकारजमा करण्याची मोहीम काढावी लागली, ती पाखरांसाठींच. मुलाच्या हातीं रायफल देण्यापूर्वीं बापानें याविषयीं त्याच्याशीं बोलून घ्यावें; ज्याला तें पटत नसेल, त्याच्यासाठीं वयाची अट कितीही पुरी झाली असली तरी थांबावें.

रायफल घरीं आल्यावर ठेवण्याची रीत साधी आहे. नळींत छरा नाहीं याची दोनदां खात्री करावी. सिलिंडर अगदीं रिकामा न ठेवतां त्यांत थोडी हवा राहूं द्यावी, म्हणजे झडप घट्ट मिटून राहते व आंत धूळ शिरत नाहीं. रायफल एका कुलपांत, छरे दुसऱ्या कुलपांत, आणि दोन्ही किल्ल्या वडील माणसाच्या जुडग्यांत.