गायन पार्टीतील ज्येष्ठ कलावंत व आपले कर्तव्य

(आरे कॉलनी येथे वर्षावास कार्यक्रमात दिलेले भाषण)



आज बोलण्यासाठी मला ‘समाजप्रबोधनात गीतांचे स्थान’ असा विषय सुचविण्यात आला होता. त्यावर पुष्कळ बोलले गेले आहे. म्हणून मी गीतांऐवजी ती गाणाऱ्या माणसांविषयी, त्यातही वय झालेल्या आणि आजाराने गाठलेल्या माणसांविषयी बोलणार आहे. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

आमच्या गायन पार्टीत एक काका होते. तबेल्यात रात्रपाळी करून पहाटे घरी जाताना गाणी पाठ करणारा हा माणूस. त्यांना लिहिता-वाचता फारसे येत नसे, पण दीडशेहून अधिक गाणी मुखोद्गत होती. एका जयंतीला ते दुसरा अंतरा विसरले. पुन्हा पहिलाच म्हणाले, तिसऱ्यांदाही तोच म्हणाले. पोरे हसली. ढोलकीवाल्याने ठेका थांबवला. पुढच्या कार्यक्रमाची यादी माझ्याकडे होती. त्या यादीतून मी काकांचे नाव काढून टाकले. वाद नको, काकांची शोभा नको, असे मी मनाला समजावले.

दोन महिन्यांनी त्यांची सून भेटली. म्हणाली, “भाऊ, सरावाच्या दिवशी मामंजी अजून पांढरा सदरा घालून दारात बसतात. कुणी न्यायला येईल म्हणून वाट पाहतात.”

बंधू-भगिनींनो, ते गाण्याचा अंतरा विसरले होते, पण सरावाचा वार विसरले नव्हते. विसरलो होतो ते आपण.

हा प्रश्न एका घरापुरता नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाप्रमाणे भारतात साठ वर्षांवरील लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. स्त्रियांत आणि शिक्षणापासून वंचित राहिलेल्यांत त्याचे प्रमाण अधिक आढळते. म्हणजे आपल्याच माता आणि आपलेच वडील!

पण प्रत्येक विसराळूपणा म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार, नैराश्य, कमी ऐकू येणे, एखाद्या औषधाचा परिणाम यांमुळेही माणूस गोंधळतो, आणि यांपैकी बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. म्हणून “म्हातारपण आहे, चालायचेच” असे म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. कालपर्यंत ठीक असलेला माणूस आज एकाएकी बरळू लागला, तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोबडी वळली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि तत्काळ रुग्णालय गाठा.

आता गाण्याकडे येतो. ज्याला नातवाचे नाव आठवत नाही, तो तरुणपणी पाठ केलेले गाणे चालीसकट म्हणतो, हे अनेक घरांत दिसते. नवी माहिती लवकर पुसली जाते. जुनी चाल आणि ठेका पुष्कळदा उशिरापर्यंत टिकतात. गाण्याने आजार बरा होत नाही, हे स्पष्ट सांगतो. कुणी औषध बंद करू नये. पण गाताना तो माणूस आपल्या माणसांत असतो, आणि हे लहान काम नाही.

आपल्या जलशांची रचनाच मुळी अशी आहे. मुख्य गायकाच्या मागे झीलकरी उभे असतात. गायकाचा श्वास संपला की ते ध्रुवपद उचलतात. वामनदादा कर्डकांची गाणी गावोगाव गेली ती काही केवळ वह्यांमधून नव्हे; एकाने म्हटले, दहांनी झेलले. बुद्धवचनेही शतकानुशतके अशीच सामूहिक पठणाने जपली गेली. ‘संगीती’ या शब्दाचा मूळ अर्थच एकत्र गाणे किंवा एकत्र म्हणणे असा आहे. एकाचे चुकले तर दुसऱ्याने सावरावे, यासाठीच तर समूह असतो!

चुल्लपंथकाची कथा विद्यार्थ्यांनी जरूर वाचावी. त्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. थोरला भाऊ महापंथक स्वतः भिक्षू. त्याने त्याला विहारातून निघून जायला सांगितले आणि जीवकाच्या घरच्या भोजनाच्या निमंत्रितांतून वगळले. बुद्धांनी मात्र त्याला जवळ बोलावले. पाठांतराऐवजी हातात एक स्वच्छ कापड दिले आणि त्याला जमेल असे काम सांगितले. भोजनाच्या वेळी पात्रावर हात ठेवून, विहारात अजून एक भिक्षू आहे, याची आठवण करून दिली. ही कथा मी लहानपणापासून ऐकत होतो. हातात यादी आल्यावर मात्र मी महापंथक झालो.

तेव्हा काय करावे? आम्ही जे केले ते सांगतो. काकांना एकट्याने अंतरा म्हणायला न लावता झीलकऱ्यांत, मधोमध बसवतो. शेजारी एक ठरलेला तरुण असतो. तो ओळीचा पहिला शब्द हळूच म्हणतो. वाचता येणाऱ्यांसाठी गाणी मोठ्या अक्षरांत लिहिली आहेत. सरावाचा वार, जागा आणि सुरुवातीचे गाणे बदलत नाही. चूक झाली तर सर्वांसमोर टोकायचे नाही; सगळ्यांनी ध्रुवपद उचलायचे. “ओळखा पाहू मी कोण?” अशी परीक्षा घ्यायची नाही, आपणच नाव सांगून जय भीम करायचा.

मधुमेहाच्या रुग्णाला भाषणे लांबली म्हणून रात्री अकरापर्यंत उपाशी ठेवू नये. त्याला घाम सुटून थरथर होऊ लागली आणि तो शुद्धीवर असला, तर आधी साखर किंवा गूळ द्यावा. दम लागणाऱ्याला खुर्ची द्यावी. बसून गाण्यात कमीपणा नाही. शाहीर विठ्ठल उमप नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरला मंचावरच कोसळले आणि आपल्याला सोडून गेले. त्यांच्या निष्ठेपुढे आपण नतमस्तक आहोत. पण म्हणून छातीत दुखत असलेल्या कलावंताला “आणखी एक गाणे होऊ द्या” असा आग्रह करणे म्हणजे निष्ठा नव्हे.

आपल्या आरे कॉलनीत आणखी एक काळजी आहे. इथे रस्ते लांब, दिवे कमी, दोन्ही बाजूंना झाडी, आणि अंधार पडला की बिबट्याचे भय. विसर पडणारा माणूस गोरेगाव स्टेशनहून चुकीच्या बसने आला किंवा युनिट चुकून पाड्याकडे वळला, तर जिवावर बेतू शकते. म्हणून त्यांच्या खिशात नाव आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. कार्यक्रम संपल्यावर घराच्या दारापर्यंत पोहोचवून, घरच्यांच्या हाती सोपवून मगच परतावे.

आणि त्या घरातील सुनेला, पत्नीला विसरू नका. ती रात्रंदिवस पहारा देते. सरावाचे ते दोन तास तिला विसावा मिळतो, हेही आपल्या गायन पार्टीचे कार्यच आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे शासकीय क्रमांक आहेत. ते विहाराच्या फलकावर लिहून ठेवावेत.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. तुमच्या हातात मोबाईल आहे. या ज्येष्ठांची गाणी, त्यांच्या चाली, ती कुठे आणि केव्हा शिकली ते सारे त्यांना विचारून, घरच्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करा. आज करा. पुढच्या जयंतीपर्यंत थांबलात, तर कदाचित निम्मेच हाती लागेल.

काका आज माझे नाव सांगू शकत नाहीत. मी त्यांची क्षमा मागितली. कशाबद्दल, ते त्यांना कळले नाही. त्यांनी माझा हात धरला आणि विचारले, “सराव कधी हाय?” ते या क्षणीही दुसऱ्या रांगेत बसले आहेत. माझ्या भाषणानंतर गाणे होईल. अंतरा कुणीतरी म्हणेल. ध्रुवपद आले की काकांकडे पाहा. आणि पुढच्या कार्यक्रमाची यादी तुमच्या हाती येईल तेव्हा त्यातले एकही नाव, त्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय, काढू नका.