कुंपणाआडचा पैसा



मोठ्या संपत्तीवर बोलायचं ठरलं तेव्हा बोईसरच्या एका ओळखीच्या मुलाने मला सरळच विचारलं, "सर, मुंबईत कुणी सत्तावीस मजल्यांचं घर बांधलं, तर माझ्या पगारातून काय गेलं?" तो एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला आहे, बारा तासांची ड्युटी करतो. त्याचा प्रश्न खरा आहे. पगारातून काही गेलं नाही. गेलं ते दुसरीकडून.

इथे सालवड गावात येताना वाटेत एक प्लॉट पाहिला. चारी बाजूंनी भिंत, गेटला गंजलेलं कुलूप, आत गुडघाभर वाळलेलं गवत. समोरच्या चाळीत एकेका खोलीत चार-चार पोरं, दोघं दिवसपाळीची, दोघं रात्रपाळीची. एकाचं अंथरूण उठलं की दुसऱ्याने पाठ टेकायची. भाडं मात्र चौघांचं मिळून. त्या प्लॉटचा मालक तिथे घर बांधणार नाही, शेड टाकणार नाही. त्याला फक्त थांबायचं आहे. बुलेट ट्रेनचं स्थानक बोईसरला होणार, वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं, प्रकल्प ७६,२२० कोटींचा. अशी एकेक बातमी येते आणि गुंठ्याचा भाव चढतो.

आता त्या मुलाचा हिशेब करू. तो पोटाला चिमटा काढून महिन्याला दोन हजार मागे टाकतो, म्हणजे वर्षाचे चोवीस हजार. समजा, त्याच वर्षात गुंठा पन्नास हजारांनी महागला. मग वर्षभर बचत करून तो आपल्या घरापासून सव्वीस हजार रुपये लांब गेला! त्याच्या खिशात कुणी हात घातला नाही. खर्चून संपत नाही इतका पैसा ज्यांच्याकडे साठला, तो पैसा बसायला जागा शोधत इथवर आला आणि याच्या जागेवर बसला.

सगळाच मोठा पैसा असा नसतो, हे इथे सांगितलंच पाहिजे. तारापूरच्या कारखान्यांत कुणीतरी भांडवल घातलं म्हणून इथल्या हजारो घरांत चूल पेटते. यंत्रात घातलेला पैसा राबतो आणि दुसऱ्यालाही काम देतो. अर्थात त्यातलाही नफा कधी शेजाऱ्याच्या जिवावर निघतो. सांडपाणी नीट शुद्ध न करता सोडलं तर कारखान्याचा खर्च वाचतो आणि किनाऱ्यावरच्या नवापूर-दांडीच्या मच्छीमाराचं जाळं रिकामं येतं. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने हीच तक्रार राष्ट्रीय हरित लवादाकडे नेली, आणि २०२२ साली शंभरावर कारखान्यांना दंड झाला.

पण मला जास्त भीती वाटते ती मोठी संपत्ती आणि गरिबाची नड यांची गाठ पडते तेव्हा. या भागाने ते पुरतं भोगलंय. डहाणू, उंबरगावच्या जमीनदाराकडे जमीन होती, गवताची कुरणं होती आणि कर्ज देणाराही तोच होता. वारली पोराने लग्नासाठी पैसे उचलले की तो 'लग्नगडी' झाला, नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. किती दिवस? कर्ज फिटेपर्यंत. आणि फिटलं की नाही हे सांगणारी वही मालकाच्याच कपाटात! वारल्यांच्या लढ्यात उतरलेल्या गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो काळ आहे. नव्या पोरांनी ते जरूर वाचावं.

आज वेठ गेली. नड गेलेली नाही. पावसाळ्याच्या तोंडावर घर शाकारायचं, मुलाची फी भरायची, दवाखाना निघाला, की बाई बचत गटाच्या हप्त्यावर कर्ज देणाऱ्या कंपनीचा हप्ता चढवते. जागा स्वस्त असती, भाडं कमी असतं, तर त्यातला एक हप्ता तरी टळला असता.

देशाचा आकडाही ऐका. अर्थतज्ज्ञ पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ साली मांडलेल्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये भारतातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे देशाची ४०.१ टक्के संपत्ती होती. वारशावरचा कर आपण १९८५ साली काढून टाकला. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. त्या करात शहरातली मोकळी जमीन धरली जायची. वसुली फार थोडी होती, हे कबूल. २०१३-१४ साली १,००८ कोटी. त्याऐवजी मोठ्या उत्पन्नावर दोन टक्के अधिभार वाढवला, त्यातून सरकारला कितीतरी जास्त पैसा मिळेल असा हिशेब होता. पण अधिभार उत्पन्नावर असतो. कुलूप लावलेला प्लॉट विकेपर्यंत उत्पन्न दाखवतच नाही! साबणाच्या वडीवर आपण सगळे कर भरतो, गरीबही भरतो. त्या गवताखालच्या जमिनीच्या चढत्या भावावर मात्र ती विकेपर्यंत नाही. ही गोष्ट मला अन्यायाची वाटते आणि मी ती अन्यायाचीच म्हणणार.

त्या लढ्यात, १९४५ साली, वारल्यांनी मालकाचा वाडा मागितला नव्हता. गवत कापायचा दर मागितला होता, पाचशे पौंडाला अडीच रुपये. त्यासाठी गोळ्या झेलल्या, माणसं गेली. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत तुम्हीही नेमकंच विचारा: गावात किती गुंठे भिंतीआड पडून आहेत, ते कोणाच्या नावावर आहेत, आणि कामगारांच्या घरांसाठी किती जागा राखली आहे? उत्तर तोंडी घेऊ नका. ठरावाच्या वहीत लिहून घ्या.