नेटवर्कचा नाका
(बिबवेवाडी, पुणे येथील बैठकीत झालेले भाषण)



आज आपण बिबवेवाडीत बसलो आहोत. गुलटेकडीचा मार्केट यार्ड इथून हाकेच्या अंतरावर. आसपासच्या गल्ल्यांत आपली पोरं खोली करून राहतात. कुणी शिकतं, कुणी नोकरी करतं. गावाकडचे अर्ज आता हीच पोरं भरतात. पोरगं इथं सगळे रकाने भरतं आणि फोन लावतं, "बाबा, ओटीपी आला का?" बाप ज्वारीच्या रानात. आवाज तुटतो. बाप टेकाडावर चढेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. मग पुन्हा पहिल्यापासून.

आपण हसतो आणि सोडून देतो. पण ही हसण्याची गोष्ट राहिलेली नाही. का, ते नीट पाहू.

2021 च्या 15 ऑगस्टपासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी पेरा तलाठी लिहायचा, तो घरी बसून लिहायचा हेही आपण पाहिले आहे. आता शेतकऱ्याने शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा. आपला पेरा आपण नोंदवायचा, यात वाईट काही नाही. पण नोंद राहिली तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही. पीक दिसले नाही की विमा अडतो, नुकसानभरपाई अडते, हमीभावाची विक्रीही अडते.

2025 च्या हंगामाचे उदाहरण घ्या. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये, मध्यम धाग्याचा 7,710. ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले. बाजार हमीभावाच्या खाली गेला. तेव्हा कापूस महामंडळाच्या दारात जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्या दाराची किल्ली म्हणजे 'कपास किसान' हे मोबाइल अ‍ॅप. आधी नोंदणी, मग खरेदी. ज्याच्या मोबाइलवर नोंदणी झाली नाही, त्याला व्यापारी देईल तो भाव.

1972 साली या राज्यात कापूस एकाधिकार खरेदी आली. आपला कापूस आपण राज्याबाहेर नेऊन विकायचा नाही म्हणून सीमेवर नाके बसले. ते नाके निदान डोळ्यांना दिसत होते, त्यांच्यासमोर उभे राहून भांडता येत होते. हा नवा नाका दिसत नाही. तिथे शिपाई नाही, साहेब नाही. पडद्यावर नुसते एक चक्र फिरत राहते. भांडायचे कुणाशी?

सरकार म्हणेल, आम्ही गावोगाव इंटरनेट देतो आहोत. 2011 साली केंद्राने अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबरची तार नेण्याची योजना मंजूर केली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. 2023 च्या ऑगस्टमध्ये तिच्या सुधारित योजनेला 1 लाख 39 हजार 579 कोटी रुपये मंजूर झाले. पण तार जाते ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत, आणि पिकाचा फोटो काढायचा असतो शिवारात. आणि हा पैसा कुणाचा? मोबाइल कंपन्यांच्या उत्पन्नातले 5 टक्के खेड्यांतल्या दूरसंचारासाठी वेगळे काढले जातात. म्हणजे आपल्याच रिचार्जमधला वाटा आहे तो. आम्ही भीक मागत नाही, हिशोब मागतो.

हे जमत नाही असे नाही. 1998 साली वारणेच्या परिसरात 70 गावांत संगणक बसले. उसाचे वजन किती, पैसे किती, हे शेतकऱ्याला गावातच कळावे म्हणून. पुढे काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवर एसएमएसने तीच माहिती देण्याचा प्रयोग झाला. एसएमएसला इंटरनेट लागत नाही, थोडी रेंज पुरते. फरक ध्यानात घ्या. तिथे यंत्र शेतकऱ्याला माहिती द्यायला बसवले होते. आपल्या कोरडवाहू शिवारात यंत्र माहिती मागते, आणि मिळाली नाही तर दार लावते.

म्हणून आमचे म्हणणे थोडे आहे. आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. चांगले तंत्रज्ञान शेतकऱ्याला हवेच. पण जिथे नेटवर्क पोहोचलेले नाही, तिथे मोबाइलची अट आणि मुदतीची तारीख चालणार नाही. तिथे ग्रामपंचायतीत आणि बाजार समितीत कागदावर नोंद घ्या, शिक्क्याची पोच द्या, आणि ती पोच खरेदी केंद्रावर माना.

आपणही एक काम करू. गावी गेल्यावर शिवारात फिरा. कुठल्या गटात रेंज येते, कुठल्या गटात येत नाही, तारीख घालून वहीत लिहा. ती यादी ग्रामसभेत ठेवा, ठराव करून घ्या, एक प्रत तहसीलला द्या आणि एक पुढच्या जिल्हा बैठकीला घेऊन या. "नेटवर्क नाही हो" या तक्रारीला कुणी विचारत नाही. गट नंबरांची यादी समोर ठेवली की साहेबाला उत्तर द्यावे लागते.

कापूस आपण पिकवला आहे. तो विकायला टेकाडावर चढून रेंज शोधायची वेळ आपल्या बापावर येऊ नये, एवढ्यासाठी ही वही.