मुक्या रुग्णाची बाजू



आम्ही वैद्य नाही, डॉक्टर तर नाहीच. शाळा सातवीत सुटली. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीत बसून. तेव्हा तान्ह्या मुलांच्या निसर्गोपचारावर बोलण्याचा आमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारील तर ते रास्तच होय. अधिकार एवढाच की, या बाबतीत आम्ही एकदा चुकलो आहोत.

बिडी कामगार बाया मजुरीची तक्रार घेऊन आमच्याकडे येतात आणि जाताजाता लेकराचे दुखणे विचारतात. दवाखान्यात जायचे म्हणजे दिवसाच्या बिड्या बुडाल्या. फुकटचा सल्ला मिळाला तर बरा. काही वर्षांपूर्वी एकीने विचारले, "भाऊ, लेकराची छाती घरघरते, काय करू?" हिशेबाच्या कागदावरून मान वर न करता आम्ही सांगून टाकले, "वेखंड उगाळून लाव, ओव्याचा शेक दे." लेकरू सात महिन्यांचे. तिसऱ्या रात्री त्याला मेडिकलमध्ये न्यावे लागले, न्युमोनिया निघाला. अकराव्या दिवशी ते घरी आले. बाईने आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही, तेच अधिक लागले.

वेखंडाचा यात काय दोष? लेकराकडे आम्ही पाहिलेच नव्हते. ज्याला बोलता येत नाही त्याची बाजू मांडायची, यावर ज्यांचे आयुष्य गेले त्यांनी हे करावे!

आपल्या जुन्या वैद्यांना ही अडचण ठाऊक होती. काश्यपसंहिता या बालरोगांवरील प्राचीन ग्रंथात 'वेदनाध्याय' म्हणून एक अध्यायच आहे. न बोलणाऱ्या मुलाचे दुखणे त्याच्या हालचालींवरून कसे ताडावे, हा त्याचा विषय. कान दुखत असला की मूल कानाशी हात नेते. डोके दुखत असले की ते डोके हलविते, डोळे मिटते. औषध त्यानंतर.

निसर्गोपचाराचे मोठे पुरस्कर्ते गांधीजी. 1902 साली मुंबईत त्यांचा दहा वर्षांचा मणिलाल विषमज्वर व न्युमोनियाने आजारी पडला. डॉक्टरांनी सुचविलेली अंडी व कोंबडीचा रस्सा त्यांनी नाकारला आणि कटिस्नान, ओल्या चादरीची घडी हे उपाय केले, हे सर्वांच्या ध्यानात राहते. परंतु नाडी, छाती आपल्याला तपासता येत नाही, असे कबूल करून त्याच डॉक्टरांना येऊन पाहत जाण्याची विनंती त्यांनी केली होती, हे आत्मकथेतील वाक्य निसर्गोपचाराचे अभिमानी सहसा सांगत नाहीत.

शिवाय मोठ्यांचे नियम लहानांना लागू नाहीत. मोठा माणूस लंघन करील. तान्ह्याला जुलाब झाले असताना अंगावरचे दूध तोडणे म्हणजे त्याचे पाणीच तोडणे. बाळगुटीत मध चाटवतात; त्या मधात एका जंतूची बीजे असू शकतात, आणि वर्षाच्या आतील मुलाच्या आतड्यात ती रुजली तर अंग लुळे पाडणारे विष तयार होते. मध निसर्गाचा आणि विषही निसर्गाचेच!

मग गरिबाने करावे काय? गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी अल्पशिक्षित खेडूत बायांसाठी एक साधे साधन केले. मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतील मुलाचे मिनिटाला 60, वर्षाच्या आतील मुलाचे 50, पाच वर्षांच्या आतील मुलाचे 40 किंवा अधिक श्वास भरले, तर तो न्युमोनिया समजून उपचार मिळाला पाहिजे. मूल दूध ओढीत नसेल, सुस्त पडले असेल, श्वासासरशी छातीचा खालचा भाग आत जात असेल, तर श्वास मोजत न बसता इस्पितळ गाठावे.

आमच्या कचेरीच्या भिंतीवर आता सेकंदकाट्याचे घड्याळ आहे. कोणी बाई लेकराची घरघर सांगू लागली की त्याचे झबले वर करून, ते शांत असताना, पुरते एक मिनिट आम्ही त्याचे पोट पाहतो. बाकीच्या तक्रारी तोवर बाकावर बसून राहतात. एखादा म्हातारा कार्यकर्ता कुरकुरतो. त्यालाच आम्ही मोजायला बसवतो.